१२० तास नेमके कसले, ते आधी विचारा

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजीची पदवीधर आहे आणि तिला इंग्रजी शिकवण्यातच करिअर करायचं आहे. तिने दोन अभ्यासक्रम पाहिले आहेत. एक ऑनलाइन टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण), १२० तासांचा, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’, सवडीने पूर्ण करता येणारा. दुसरा सेल्टा (प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठीचं केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा-संस्थेचं प्रमाणपत्र), तोही १२० तासांचा, पण फी कितीतरी जास्त. तास सारखेच असतील तर एवढे पैसे कशाचे? – एक आई

उत्तर : ताई, आकडा एकच असला तरी आतला मामला अगदी वेगळा आहे. पहिल्या अभ्यासक्रमातले १२० तास बहुधा अंदाजाचे असतात : इतकी पानं वाचायला, इतके व्हिडिओ बघायला, इतक्या चाचण्या सोडवायला साधारण इतका वेळ लागेल. मुलगी ते ४० तासांत उरकेल आणि प्रमाणपत्रावर १२०च छापून येतील. केंब्रिजच्या सेल्टात किमान १२० तास प्रशिक्षकांसोबत काढावे लागतात. त्यात ६ तास खऱ्या, प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे आणि चार लेखी स्वाध्याय लिहायचे.

सगळं मोल त्या ६ तासांचं आहे. माझ्या प्रशिक्षणातला एक तास अजून डोळ्यांपुढे आहे. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ हे वाक्य मी जीव तोडून समजावलं आणि विचारलं, ‘समजलं ना?’ सगळ्यांनी माना हलवल्या. तास संपल्यावर मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी वही पुढे केली. तीत मिनिटांचा हिशेब होता. बहुतेक वेळ मीच बोलत होते. खाली एकच प्रश्न : ‘त्यांना समजलं हे तुम्हाला कशावरून कळलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ‘हे वाक्य म्हणणाऱ्याकडे किल्ली आत्ता आहे का?’ उत्तर ‘नाही’ हवं होतं; अर्धा वर्ग ‘हो’ म्हणाला. आदल्या दिवशीच्या माना कशा हलल्या होत्या ते तेव्हा कळलं. मला ही गोष्ट कुठल्याही व्हिडिओतून उमगली नसती.

आता मान्यतेबद्दल. टेफल हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. त्या नावाने कुणीही अभ्यासक्रम काढू शकतं. मान्यता देणारी संस्थाही कुणीही स्थापू शकतं, आणि हे सर्रास होतं. म्हणून ‘मान्यता आहे का?’ असं न विचारता ‘बाहेरून येऊन कोण तपासतं आणि काय तपासतं?’ असं विचारावं. सेल्टाच्या प्रत्येक तुकडीसाठी केंब्रिज बाहेरचा परीक्षक नेमतं. तो सराव-तास बघतो, फायली चाळतो, श्रेणी योग्य दिल्या आहेत का हे ताडून पाहतो. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा-संस्थेचा सर्ट-टेसॉल हा इंग्रजी-शिक्षकांचा अभ्यासक्रमही याच तोडीचा : किमान १३० तास, त्यातही ६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि शेवटी बाहेरचा नियंत्रक. त्यात प्रशिक्षणार्थींना एक अनोळखी भाषाही शिकायला लावतात, म्हणजे नवख्याची घालमेल स्वतःला कळते. मला ही कल्पना फार आवडते.

जाहिरातीतल्या ‘लेव्हल ५’ या शब्दांवरही विसंबू नका. सेल्टा आणि सर्ट-टेसॉल हे दोन्ही अभ्यासक्रम इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत पाचव्या स्तरावर आहेत; पण एकदाही वर्गासमोर उभं न राहता मिळणारी पाचव्या स्तराची प्रमाणपत्रंही बाजारात आहेत. स्तरावरून अभ्यास किती अवघड आहे ते कळतं, शिकवता येतं की नाही ते कळत नाही.

ऑनलाइन म्हणजे वाईट असं मात्र मुळीच नाही. सेल्टाही आता ऑनलाइन होतो, फक्त पडद्यापलीकडे खरे विद्यार्थी असतात आणि प्रशिक्षक तास बघत असतात. तो स्वस्तातला अभ्यासक्रम मुलीला हे काम आवडतं का ते चाचपायला, व्याकरणाची उजळणी करायला जरूर करू द्या. नोकरीचा आधार म्हणून नको. नियमित शाळेत शिकवायचं असेल, तर त्या-त्या देशाची शिक्षकी पात्रता वेगळी लागते, हेही तिला सांगून ठेवा.

केंद्र निवडताना तिने स्वतः फोन करावा. माझे सराव-तास कोण बघणार? शेरा लेखी मिळतो का? कुणी नापास होतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळेच पास होतात’ असं अभिमानाने उत्तर आलं, तर मला तिथे धोका दिसतो. मग नाव झाकलेला एखादा जुना शेरा दाखवायला सांगावं. त्यात ‘छान तास, आत्मविश्वास चांगला’ एवढंच असेल, तर दुसरं केंद्र बघा. कुठल्या मिनिटाला वर्गात काय झालं आणि पुढच्या तासाला काय बदलायचं हे लिहिलेलं असेल, तर खुशाल फी भरा.