अरबीत भाषांतर झालं, पण चाचणी अजून तयार नाही

तुम्ही विचारलंय की कैरोच्या विद्यार्थ्यांसाठी ट्रेल मेकिंग, स्ट्रूप आणि डिजिट स्पॅन या लक्ष आणि स्मृती मोजणाऱ्या चाचण्या अरबीत आणल्या, उलट-भाषांतरही (अरबीतून पुन्हा इंग्रजीत केलेलं) जुळलं, तर आता थेट दोनशे जणांवर घ्याव्यात का. कृपा करून थांबा. उलट-भाषांतरातून सूचना नीट उतरल्या एवढंच कळतं. या चाचण्यांचा अवघडपणा सूचनांत नसतो, तो अक्षरांत आणि शब्दांत असतो.

ट्रेल मेकिंगचा भाग ब घ्या: कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं क्रमाने जोडायची, एक आकडा, एक अक्षर, आळीपाळीने. अरबीत अक्षरांचे दोन क्रम चालतात. शाळेतला अलिफ, बा, ता, था आणि जुना अबजद: अलिफ, बा, जीम, दाल. तिसऱ्याच अक्षराला वाट फुटते. कुठला क्रम हवा ते सांगितलं नाही, तर तुम्ही विचारांची लवचीकता मोजताय की गोंधळ?

स्ट्रूपमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यात रंगाचं नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत छापलेलं असतं; शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, पण वाचन आपोआप होऊन आड येतं. इंग्रजीत रेड, ब्लू, ग्रीन, यलो पहिल्या अक्षरावरच वेगळे होतात. अहमर, अझरक, अख्दर, अस्फर हे चारही एकाच साच्यातले, चारही अलिफने सुरू होणारे. त्यामुळे वाचनाचा अडथळा इंग्रजीइतकाच येईल असं धरून चालता येत नाही. शिवाय कैरोच्या बोलीत 'अझरक'मधल्या शेवटच्या क़ाफऐवजी घशातला हलका झटका ऐकू येतो. अशी उत्तरं बरोबर धरायची, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

डिजिट स्पॅनचं (ऐकलेले आकडे परत सांगायची चाचणी) थोडक्यात: १९८६ मध्ये नवेह-बेंजामिन आणि आयर्स यांनी इंग्रजी, स्पॅनिश, हिब्रू आणि अरबी यांची तुलना केली, त्यात अरबीचा स्पॅन, म्हणजे लक्षात राहिलेल्या आकड्यांची संख्या, सर्वांत कमी आला. अरबी अंकनामं लांब आहेत, उच्चारायला वेळ लागतो. इंग्रजी मानकं लावलीत तर निरोगी मुलांची स्मृती उगाच कमी ठरेल.

म्हणून आधी पंधरा-वीस जणांना बसवा, चाचणीनंतर काय केलं ते त्यांच्याच बोलीत विचारा. कोण कुठल्या माध्यमात शिकलं, रोज कशात वाचतं, हेही नोंदवा. मग दोन-तीन आठवड्यांनी पुनर्चाचणी घ्या. स्ट्रूपच्या फरकाच्या गुणांची (शब्द आणि शाई जुळतात व जुळत नाहीत, या दोन स्थितींतल्या वेळांचा फरक) विश्वसनीयता मूळ इंग्रजीतही अनेकदा कमीच येते, त्यामुळे तुमचा आकडा घसरला तर दोष लगेच अरबीला देऊ नका. प्रत्येक स्थितीतल्या प्रयत्नांची संख्या वाढवून पुन्हा पाहा.