रक्तदाबासाठी २४ तासांची लघवी का मागतात?

तीन गोळ्या चालू असूनही बीपी उतरत नाही आणि डॉक्टरांनी २४ तासांची लघवी मागितली आहे, मग रक्ताच्या एका नमुन्यावर का भागत नाही, असं तुम्ही विचारलंय.

फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीतली गाठ बीपी चढवणारं ॲड्रेनालिन झटक्याने सोडते, त्यामुळे नेमक्या वेळी रक्त घेतलं नाही तर ते हुकतं. पण गाठीच्या पेशींतच ॲड्रेनालिन मोडून त्याचं मेटानेफ्रिन सतत बनत असतं आणि ते लघवीत उतरतं. म्हणून मेटानेफ्रिन व नॉरमेटानेफ्रिन (नॉरॲड्रेनालिनपासून बनणारा तसाच पदार्थ) वेगवेगळे मोजायला सांगा. नुसतं व्हीएमए (याच हार्मोन्सचा शेवटचा अवशेष) मोजणं जुनं झालं, त्यात गाठी सुटतात. रक्तातलं मेटानेफ्रिनही चालतं, मात्र त्यासाठी आडवं पडून रक्त द्यावं लागतं. कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजाराचा) संशय असेल तर लघवीतलं मुक्त कॉर्टिसोल तपासतात, तेही किमान दोनदा. अल्डोस्टेरॉनसाठी (शरीरात मीठ धरून ठेवणारं ॲड्रेनल ग्रंथीचं हार्मोन) भरपूर मीठ देऊन तपासतात: २४ तासांच्या लघवीत सोडियम २०० मिलिमोलच्या वर गेलं आणि तरी अल्डोस्टेरॉन १२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त राहिलं, तर मीठ वाढूनही ग्रंथी अल्डोस्टेरॉन कमी करत नाही असं समजायचं. बीपी फार जास्त असेल, हृदय कमजोर असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर हे मीठ घरी स्वतःहून वाढवू नका.

खरी गडबड गोळा करण्यात होते. सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सातची लघवी धरूनच थांबायचं. पहिलीही धरली तर आकडा फुगतो. मेटानेफ्रिनच्या कॅनमध्ये बहुधा आम्ल असतं, ते ओतून टाकू नका. थेट त्यात लघवी करू नका, वेगळ्या भांड्यातून हळू ओता. कॅन थंड ठेवा.

लघवी पूर्ण गोळा झाली का हे कळायला लॅबला क्रिएटिनिनही (स्नायूंतून रोज जवळपास तेवढाच बाहेर पडणारा पदार्थ) मोजायला सांगा. ७० किलोच्या पुरुषात ते दिवसाला साधारण १४०० मिग्रॅ असतं. ६०० आलं तर निम्मी लघवी संडासात गेली, रिपोर्ट नॉर्मल असला तरी धरू नका.

औषधांची यादी आधीच दाखवा. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी नॉरमेटानेफ्रिन वाढतं, काही पद्धतींत पॅरासिटामॉलही घोळ घालतं. स्पायरोनोलॅक्टोन ही अल्डोस्टेरॉनला अडवणारी बीपीची गोळी अल्डोस्टेरॉनच्या तपासणीआधी सहसा चार आठवडे बंद ठेवतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. ज्येष्ठमधही सांगायला विसरू नका: त्याने कॉर्टिसोल निष्क्रिय करणारं एन्झाइम अडतं, मग कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनसारखं काम करतं आणि अल्डोस्टेरॉन कमी असूनही बीपी चढतं.