पहिली शिडाची बोट: जुनी की नवी?

मुंबईत बोट घ्यायची तर वय नंतर विचारा, आधी तळ बघा. जुन्या धाटणीच्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, लांब, सुकाणू तिलाच मागे जोडलेलं. मच्छीमारांच्या जाळ्यावरून ती बहुतेक वेळा सरकून जाते. नव्या बोटीत कील अरुंद आणि सुकाणू सुटं लोंबतं, दोर नेमका तिथे अडकतो. वेग आणि आतली ऐसपैस जागा मात्र नवीचीच.

जुनीचा खरा खर्च डेकमध्ये, म्हणजे आपण चालतो त्या वरच्या पृष्ठभागात, लपलेला असतो. फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असेल तर कठड्याच्या खांबांच्या बुडाशी प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक; बद्द आला तर पाणी शिरून लाकूड कुजलंय, नाहीतर थर सुटलेत. डोलकाठीच्या तारा १०-१५ वर्षांच्या असतील तर चकाकत असल्या तरी बदलाच. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत खारं पाणी साचतं, हवा पोचत नाही, आणि स्टेनलेस स्टील तिथेच आतून गंजतं.

नवीत सेलड्राइव्ह (इंजिनापासून तळातून खाली पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा भाग) असेल तर तळाचा रबरी पडदा कधी बदलला त्याची पावती मागा. इंजिन बनवणारी व्होल्वो पेंटा कंपनी तो ७ वर्षांनी बदलायला सांगते. कीलच्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ किंवा चीर दिसली, तर पुढची बोलणी सर्वेक्षकाच्या (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) अहवालानंतरच करा. पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढतात, तेव्हाच तपासणी ठरवा.