वळवाची वीज आणि घुमणारा अँप्लिफायर

प्रश्न : मागच्या वळवाच्या पावसात स्पाइक गार्डला जोडलेला असूनही आमचा अँप्लिफायर जळाला. दुरुस्तीनंतर आता केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडला की स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज येतो. प्लगची जाड पिन काढल्यावर तो थांबला. पिन तशीच काढून ठेवावी का? दुकानदार मोठा स्टॅबिलायझर घ्या म्हणतात.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ती पिन कृपया आजच पुन्हा बसवून घ्यावी. ती अर्थिंगची पिन आहे. उपकरणाच्या धातूच्या पेटीत कधी वीज उतरली, तर या पिनेअभावी ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाईल. आवाजासाठी जिवाचा धोका पत्करू नये.

पिन काढल्यावर आवाज थांबला, यावरून दोषाचे मूळ मात्र कळते. केबलच्या वायरची बाहेरची जाळी घराबाहेर कुठेतरी अर्थ केलेली असते आणि अँप्लिफायर घरातल्या अर्थला जोडलेला असतो. या दोन अर्थांमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असला, तरी ऑडिओ वायरच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि आपल्या पुरवठ्याची 50 हर्ट्झची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. दोन्ही उपकरणांना सोय असेल, तर ती ऑप्टिकल केबलने जोडावीत, कारण त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो. नाहीतर केबलच्या वायरवर ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन अर्थांमधला हा प्रवाह अडवणारा छोटा जोड, बसवावा. पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर बदलणारी कर्कश भणभण असती, तर दोष रेग्युलेटरमध्ये शोधावा लागला असता.

स्टॅबिलायझरने हे दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत. तो 230 व्होल्टचा पुरवठा कमी-जास्त झाल्यास सावरतो. पण त्याचा रिले, म्हणजे आतला स्विच, हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो. हा झटका स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर नावाचा छोटा भाग शोषतो. मात्र प्रत्येक झटक्यागणिक तो झिजतो, दिवा लागत असला तरी संरक्षण संपलेले असू शकते, आणि स्पाइक गार्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बोर्डांत तो मुळी नसतोच. शिवाय तुमच्याकडे झटका केबलच्या वायरने आत आला असण्याचीही शक्यता आहे. त्या वाटेवर स्पाइक गार्डचा पहारा नसतो.

परवानाधारक वायरमनकडून मुख्य बोर्डात टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर (झटका अर्थकडे वळवणारे साधन) बसवून घ्यावा आणि त्याच वेळी अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घ्यावा. उन्हाळ्यात जमीन सुकली की हा रोध वाढतो, म्हणजे नेमका वळवाच्या तोंडावर अर्थ दुबळा होतो. म्हणून अर्थपिटात पाणी ओतत राहावे. वीज अगदी जवळ पडली, तर यांपैकी कोणत्याही साधनाचा भरवसा धरता येत नाही. आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी, अँप्लिफायरचा प्लग आणि केबलची वायर अशी दोन्ही काढून ठेवावीत.