निम्मे पैसे घरांच्या कर्जरोख्यांत घालू का?

ताई,

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात देतो. तुमचं वय ५३, नोकरीची सात वर्षं उरलेली, यजमानांचं उत्पन्न कधी असतं कधी नसतं, मुलगी अजून शिकते आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतून तुमच्या वाट्याला मोठी रक्कम आली. तुमच्याच शहरातल्या सखल भागातली कुटुंबं पुरामुळे पुन्हा पुन्हा उठतात आणि परत येतात तेव्हा भाडं वाढलेलं असतं. तुमच्या सख्ख्या बहिणीवर ही वेळ तीनदा आली. अशा कुटुंबांसाठी एक संस्था उंचावरच्या जागेत साठ घरं बांधणार आहे. जमीन कायम सामूहिक मालकीची राहील आणि घर सोडणाऱ्याला ते ठरलेल्या मर्यादित किमतीलाच देता येईल. त्यासाठी संस्था दहा वर्षांचे कर्जरोखे काढते आहे. त्यांवरचं व्याज बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा दोन टक्क्यांनी कमी आहे. मिळालेल्या रकमेतले निम्मे पैसे त्यात घालावेत असं तुम्हाला वाटतं. भाऊ म्हणतो, "काय ते दान कर आणि मोकळी हो."

माझं मत असं: पैसे जरूर घाला, पण निम्मे नकोत. मिळालेल्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत थांबा, आणि तेही एका दमात देऊ नका. या कामाबद्दल तुमच्या मनात किती कळकळ आहे ते पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण रक्कम कळकळीवरून ठरवायची नसते. जे पैसे दहा वर्षं हलवता आले नाहीत तरी तुमच्या घराचं काही अडणार नाही, तेवढेच या कामाच्या उपयोगाचे. मधेच परत मागावे लागणारे पैसे संस्थेलाही अडचणीत टाकतात.

आधी या कामाची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. आपत्तींमुळे आपल्याच देशात घर सोडावं लागण्याच्या घटना २०२४ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ५८ लाख नोंदल्या गेल्या. यातले बरेच लोक काही दिवसांत परततात. ज्यांचं घर भाड्याचं किंवा बिनकागदाचं असतं, त्यांचं परतणं घरमालकाच्या मर्जीवर आणि नव्या भाड्यावर अवलंबून राहतं. स्वस्त व्याजाचा पैसा इथे थेट कामाला येतो. समजा, बांधकामाचं कर्ज २० वर्षांचं आहे. व्याज ९ ऐवजी ७ टक्के लागलं, तर मासिक हप्ता सुमारे १४ टक्क्यांनी खाली येतो. हप्ता भाड्यातूनच भरायचा असल्यामुळे ही सवलत राहणाऱ्यापर्यंत पोचू शकते. तुम्ही सोडलेले दोन टक्के वाया जात नाहीत.

पण ते दोन टक्के तुमच्या खिशातून किती जातात, हेही बघू. समजा ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि रोख्यावर ५. दोन्हीकडे व्याज त्यातच गुंतत राहिलं, तर १०० चे दहा वर्षांनी ठेवीत १९७ होतात, रोख्यात १६३. मधले ३४ ही तुमची देणगीच आहे, फक्त तिची पावती मिळत नाही. महागाईही ५ टक्के राहिली तर दहा वर्षांनंतरचे १६३ आणि आजचे १०० यांची खरेदीची ताकद एकच. कर भरावा लागला तर त्याहूनही कमी. निम्म्या रकमेवर एवढं सोडणं म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर मोठा त्याग आहे. १५ टक्क्यांवर तो झेपेल.

आता जमिनीकडे येतो. माहितीपत्रकात व्याजाचा दर पहिल्या पानावर आहे आणि जमिनीबद्दल एकच परिच्छेद. मी तो परिच्छेद आधी वाचला असता. सामूहिक मालकीच्या जमिनीची ही पद्धत नवी नाही आणि तिचा अनुभव चांगला आहे. अमेरिकेत घरकर्जांचं संकट आल्यानंतर, २०१० च्या अखेरीस, अशा सामूहिक भू-न्यासांच्या घरांमध्ये जप्तीची कारवाई सुरू असल्याचं प्रमाण साध्या बाजारातल्या घरकर्जांच्या सुमारे एक दशांश होतं. न्यास घर घेणाऱ्याला झेपेल एवढंच कर्ज काढू देतो आणि हप्ता थकू लागला की वेळीच मधे पडतो, हे त्यामागचं साधं कारण.

सॅन हुआनमधल्या कान्यो मार्तिन पेन्या या कालव्याकाठच्या वस्त्यांचा अनुभव तर तुमच्या प्रकल्पाच्या फारच जवळचा आहे. पोर्तो रिकोतल्या या वस्त्यांमध्ये गाळाने भरलेल्या कालव्याचं घाण पाणी घराघरांत शिरायचं. कालवा साफ करायची योजना आली तेव्हा रहिवाशांच्या लक्षात आलं की पाणी हटलं की जमिनीचा भाव चढेल आणि मग आपल्यालाच हटवलं जाईल. २००४ मध्ये कायदा होऊन तिथली सुमारे २०० एकर जमीन रहिवाशांच्या न्यासाकडे जायचा मार्ग मोकळा झाला. पूर अडवायचं काम गरिबाला वाचवतं आणि भाव वाढवून त्यालाच बाहेरही काढतं. म्हणून जमिनीची मालकी हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. तुमच्या संस्थेने हा मुद्दा ओळखलाय, ही माझ्या दृष्टीने तिची सर्वांत जमेची बाजू.

तरीही जमीन सामूहिक असली की सुरक्षित असतेच, असं समजू नका. न्यू कम्युनिटीज ही अमेरिकेतली या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ती उभी राहिली. सुमारे ५,७०० एकर जमीन होती, आणि तिच्यावर कर्ज होतं. पुढे दुष्काळ पडला. संकटकाळचं सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही, त्यात वर्णभेद होता. हप्ते थकत गेले आणि १९८५ मध्ये जमीन गेली. भेदभावाच्या दाव्यात २००९ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, पण तोवर २४ वर्षं उलटून गेली होती. कल्पना उत्तम होती, माणसं जिवाची बाजी लावणारी होती. वाईट वर्षं काढायला लागणारा रोख पैसा हाताशी नव्हता.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: पूर किंवा वादळ आलं, कुटुंबांचं उत्पन्न थांबलं, भाडं येईनासं झालं, तर बँकेचे हप्ते किती महिने भरता येतील? त्यासाठीची गंगाजळी वेगळ्या खात्यात आहे का, आणि तिला हात लावायचा अधिकार कुणाला? माहितीपत्रकात "आकस्मिक निधी" असा शब्द आहे, रक्कम दिलेली नाही. मला ते खटकतं. सहा महिन्यांचे हप्ते आणि देखभाल खर्च भागेल एवढी रक्कम बाजूला असेल तर मी निर्धास्त होईन. तीन महिन्यांची असेल तर निदान ती कशी वाढवणार हे लेखी मागेन. काहीच नसेल तर तुमचा पैसा रोख्यात न जाता आधी त्या निधीत जायला हवा. त्याबद्दल पुढे लिहितो.

विम्याचंही विचारा. नेहमीच्या विम्यात नुकसानीची पाहणी होऊन पैसे यायला वेळ लागतो आणि आपत्तीनंतर पुढच्या वर्षाचा हप्ता चढतो. दुसऱ्या प्रकारच्या विम्यात पाऊस किंवा वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की पैसे सुटतात, नुकसान मोजत बसत नाहीत. कॅरिबियन देशांच्या सरकारांनी २००७ मध्ये असा सामाईक विमा सुरू केला आणि त्यातून १४ दिवसांच्या आत रक्कम मिळते. त्यात खोटही आहे. पाऊस ठरलेल्या आकड्याच्या किंचित खाली राहिला आणि घरं मात्र बुडाली, तर हाती काही येत नाही. त्यामुळे तो गंगाजळीची जागा घेऊ शकत नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. घरं स्वस्त ठेवणारी जी अट तुम्हाला इतकी भावली, तीच तुमच्या रोख्याची बाजू कमकुवत करते. जमीन विकता येत नाही आणि घरं मर्यादित किमतीलाच देता येतात. उद्या संस्था बुडाली तर विकून देणी भागवण्यासारखं तिच्याकडे फार नसेल. जे असेल त्यावर पहिला हक्क बँकेचा, तिच्याकडे तारण आहे. तुम्ही रांगेत शेवटी. यात फसवणूक काही नाही, व्यवहाराचा स्वभावच तसा आहे. पण म्हणूनच या रोख्याला मुदत ठेवीशेजारी बसवू नका. वाढीव जोखमीला एरवी वाढीव व्याज मागितलं जातं. इथे तुम्ही जास्त जोखीम आणि कमी व्याज दोन्ही जाणूनबुजून घेताय. ते घेण्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त गेले तर गेले म्हणता येतील एवढेच पैसे त्यात असावेत.

शिवाय तुमचं राहतं घर, तुमची नोकरी आणि हा प्रकल्प एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत. ज्या पुरात संस्था अडचणीत येईल, त्याच पुरात तुमच्या घराची दुरुस्ती निघेल आणि यजमानांचं काम बंद पडेल. नेमकी गरज पडेल त्याच महिन्यात रोखे सोडवता येणार नाहीत. निम्मी रक्कम तिथे अडकलेली असेल तर बहिणीला मदत करायलाही तुमचा हात मोकळा राहणार नाही. माझ्या हिशेबात निम्म्याला नकार देण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

आणखी एक विचारा: दहाव्या वर्षी माझं मुद्दल कुठून परत येणार? घरांचं भाडं वीसेक वर्षं हळूहळू जमा होईल, तुमचे पैसे दहा वर्षांत द्यायचे आहेत. "तेव्हा नवे रोखे काढू" असं उत्तर आलं तर तुमची परतफेड पुढच्या माणसाच्या उत्साहावर उभी आहे असं समजा. दर वर्षी थोडी रक्कम परतफेडीसाठी बाजूला काढणार असतील, तर ती कुठे आणि किती हे कागदावर घ्या. राहायला येणारी कुटुंबं स्वतः बचत करताहेत का, हेही बघा. थायलंडमध्ये २००३ पासून चाललेल्या बान मानकोंग कार्यक्रमात कुटुंबं आधी बचतगट करून पैसे साठवतात आणि कर्ज एकेकट्याला न देता वस्तीच्या सहकारी संस्थेला दिलं जातं. एखाद्याचा हप्ता चुकला तर बाकीचे त्याच्या दारात जातात, अडचण विचारतात.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते मला अर्धं पटतं. या कामात काही खर्च असे आहेत की ते कर्जातून करूच नयेत: जमीन घेणं, जोतं उंच करणं, पाण्याचा निचरा, गंगाजळी. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आपत्तीची झळ कमी करण्यासाठी सरकारी अनुदानातून खर्चलेल्या दर १ डॉलरमागे पुढचं सुमारे ६ डॉलरचं नुकसान टळतं असं २०१९ मध्ये मांडलं गेलं. तुमच्या माहितीपत्रकातही "एकास सहा" असं ठळकपणे छापलंय. तो तुमचा परतावा नाही! तो फायदा सरकारच्या तिजोरीला, विमा कंपनीला, राहणाऱ्या कुटुंबाला होतो. रोखेधारकाच्या हाती त्यातलं काही येत नाही. म्हणून हा खर्च अनुदानातून आणि देणगीतून व्हावा. तो कर्जातून केला तर भाडं वाढेल आणि ज्यांच्यासाठी घरं बांधली त्यांनाच ती परवडणार नाहीत. पण भाऊ म्हणतो तसं फक्त दान करून बाजूला होणंही मला पुरेसं वाटत नाही. साठ घरं देणग्यांवर उभी राहत नाहीत. बांधकामाला धीराचा, परत येणारा पैसा लागतो आणि तो देणारे कमी असतात.

तर असं करा. मिळालेल्या रकमेतून आधी वर्षभराचा घरखर्च काढून ठेवा, तोही नदीच्या या खोऱ्यातल्या कशावरही अवलंबून नसेल अशा ठिकाणी. मुलीच्या शिक्षणाची उरलेली वर्षं आणि दोघांचा आरोग्य विमा मार्गी लावा. तुमच्या स्वतःच्या घराच्या विम्यात पूर धरलाय का, ते आजच तपासा. मोठा हिस्सा निवृत्तीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी विभागून लावा. उरतील त्या १५ टक्क्यांतले ३ टक्के संस्थेच्या आपत्ती निधीला देणगी म्हणून द्या, आणि तो निधी वेगळ्या खात्यात राहील ही अट लेखी घाला. ६ टक्क्यांचे रोखे बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान या दोन्हींवर सह्या झाल्यावरच घ्या, त्याआधी नको. राहिलेले ६ टक्के पहिली कुटुंबं राहायला आल्यावर, एक पावसाळा गेल्यानंतर आणि त्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद हातात पडल्यावर. पाच वर्षांचे रोखे देत असतील तर हा दुसरा हिस्सा त्यात घ्या, म्हणजे निवृत्तीच्या आसपास काही रक्कम मोकळी होईल.

संस्थेला ही टप्प्यांची पद्धत नको असेल आणि सगळे पैसे आत्ताच हवे असा आग्रह असेल, तर फक्त देणगी द्या आणि रोखे सोडून द्या.

यजमानांशी बोलूनच अर्ज भरा. वारस म्हणून मुलीचं नाव लावा आणि तुमच्या पश्चात रोखे मुदतीआधी सोडवता येतात का, हे कलम अर्जात शोधा. बहिणीला या साठातलं एखादं घर मिळणार असेल, तर घरवाटपाच्या समितीला तुमच्या रोख्यांबद्दल आधीच सांगून ठेवा. तुमचे पैसे आणि तिचा क्रमांक यांचा काही संबंध नाही, हे उद्या तिलाही शेजाऱ्यांसमोर ठामपणे सांगता आलं पाहिजे.