घरची शिकवणी लावावी का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही वेळणेश्वरजवळच्या वाडीत राहतो. मुलगा नववीत आहे. घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ गुण मिळाले. क्लास शृंगारतळीला. पावसात संध्याकाळची एसटी चुकली की पोराला घरी यायला रात्र होते. ह्यांचं काम बोटीवर, मी सातवी शिकलेली. घरीच शिकवणी लावली तर खरंच फरक पडेल का? शाळेतल्या सरांनाच विचारू का?
– एक आई, ता. गुहागर

उत्तर : ताई, फरक पडतो. कशाने पडतो तेवढं लक्षात घ्या, म्हणजे शिकवणीला कोण हवं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नववीतलं एक साधं समीकरण घ्या : २क्ष − ३(क्ष − ४) = ७. अनेक मुलं कंस सोडवताना २क्ष − ३क्ष − १२ असं लिहितात. वजा तीन गुणिले वजा चार म्हणजे अधिक बारा, हे त्या घाईत निसटतं. मग उत्तर ५ ऐवजी −१९ येतं. भरलेल्या वर्गात सरांना शेवटचं −१९ दिसतं, त्यावर लाल फुली पडते आणि मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘मला समीकरणं येत नाहीत.’ समीकरण त्याला येतंय हो! अडलंय ते सातवीतल्या चिन्हांवर. शेजारी बसलेल्या माणसाला ते वजा लिहिलं जातानाच दिसतं. तो तिथेच थांबवतो, तशीच चार गणितं देतो आणि मगच पुढे जातो.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली हेच मांडलं होतं. मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाता एकेकट्याला शिकवलेलं सर्वसाधारण मूल वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलेलं त्यांना दिसलं. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा आढळला नाही, पण फायदा आढळला. मी आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं. वर्गात तोंड न उघडणारी मुलं ओटीवर एकटी बसली की ‘हे परत सांगा ना’ म्हणतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. हसायला तिथे कोणी नसतं.

शाळेतल्या सरांना मात्र विचारू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी करता येत नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘हा नेमका कुठे अडतो?’ ते आपुलकीने सांगतील. शिकवायला गावातले निवृत्त गुरुजी बघा, नाहीतर बी.एस्सी. झालेली एखादी मुलगी. मला तर अशी मुलगी जास्त आवडेल. तिला स्वतःचं अडखळणं अजून आठवत असतं. शेजारचं नववीतलं आणखी एखादं पोर सोबत बसलं तर फी वाटली जाईल आणि काही बिघडणार नाही. पाच-सहा जमली की मात्र तो क्लासच झाला.

आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास पुरे. मधल्या दिवसांत त्याने एकट्याने सोडवायला हवं. शिकवणारा स्वतःच गणितं सोडवून वही भरून देत असेल, तर ती शिकवणी बंद करा. पहिला महिना अपूर्णांक, चिन्हं, कंस यांतच गेला तरी धीर धरा. बालभारतीची सातवी-आठवीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीला बीजगणित आणि भूमिती या दोन्ही पेपरांना ४०-४० गुण असतात, तेव्हा प्रमेयं आणि रचनाही मागे ठेवू नका. रचनेत तर कंपास नीट धरायला शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि ताई, तुम्ही सातवी शिकलात ते पुष्कळ आहे. शिकवणी ओटीवर, तुमच्या नजरेसमोर होऊ द्या. त्या वेळी टीव्ही बंद. बाई गेल्या की वहीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘इथे वजाचं अधिक का झालं रे?’ उत्तर तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल. त्याने न अडखळता सांगितलं, तर शिकवणी नीट चाललीय. गप्प बसला, तर पुढच्या खेपेला बाईंना तीच ओळ दाखवा. सहामाहीत गुण फारसे वाढले नाहीत, तरी त्याला अशी कारणं सांगता येत असतील तर शिकवणी बदलू नका.