पहिली दहा मिनिटे

चित्रपटप्रकारांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकाच चित्रपटाची पहिली दहा मिनिटे तुम्ही तीनदा पाहावीत: एकदा सलग, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून, कारण चित्र काय सांगते आणि ध्वनी काय सांगतो, हे तेव्हाच वेगळे कळते. ‘शोले’ (१९७५) घ्या. स्थानकात आगगाडी येते, जेलर उतरतो आणि श्रेयनामावली चालू असतानाच दोन घोडेस्वार खडकाळ माळरानातून रामगढकडे निघतात. अजून एकही गोळी सुटलेली नसताना आगगाडी, घोडे, खडक आणि गिटार एवढ्यावरच वेस्टर्नची, म्हणजे घोडेस्वार आणि बंदुकांच्या अमेरिकी चित्रपटप्रकाराची, चाहूल लागते. ‘फँड्री’ची (२०१३) सुरुवात मात्र काटेरी झुडपांत काळी चिमणी शोधणाऱ्या जब्या या मुलापासून होते, आणि त्या निरागस पाठलागातच पुढची सारी वेदना दडलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

वहीत मिनिट-सेकंदासह नोंदी करा. नुसते ‘छान वाटले’ लिहू नका. आपल्या नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तेथेही जाऊन या. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्याच परिसरातले. चित्रपट कोणत्या प्रकारचा, हे मात्र नोंदी पूर्ण झाल्यावरच ठरवा, अन्यथा डोळे फक्त त्या नावाला जुळणाऱ्याच खुणा टिपू लागतात.